चव सांगण्याचा हंगाम

प्रिय सई आणि प्रिय निहार,

परवाच्या कॉलवर तुम्ही मला नूडल्सचे वाडगे दाखवलेत. तुमच्या खिडकीबाहेर बर्फ होता, वाडग्यांतून वाफ निघत होती आणि निहारच्या दोन काड्यांमधून नूडल्स सारख्या निसटून रश्श्यात पडत होत्या. मी हसत होते. तेवढ्यात सई म्हणाली, "आजी, बाबा सांगतात की आजोबांना चायनीज मुळीच आवडायचं नाही. हॉटेलात नेलं तरी ते दालफ्रायच मागवायचे." तुमचे बाबा खरं तेच सांगतात. त्यांनी पाहिलेले आजोबा तसेच होते. पण तुमचे बाबा परदेशी गेल्यानंतरचा धानाचा एक हंगाम असा आहे, की तो मी, तुमचे आजोबा आणि स्वयंपाकाला येणारी कौसाबाई एवढ्यांनीच पाहिला. फोनवर मी तेव्हा फक्त "आज बरं जेवले" किंवा "आज नाही जेवले" एवढंच सांगत असे. कौसाबाईला विचाराल तर ती शेवटापासून सुरू करेल आणि मध्येच रडेल. म्हणून मीच लिहायला बसले आहे.

आणि दिवसही तेच आहेत. गोंदियातल्या आपल्या घरामागच्या अर्ध्या शेतांवर आता प्लॉट पडले आहेत, पण उरलेल्या अर्ध्यांत धान पिवळं होऊन झुकलं आहे. सकाळी दव असतं तोवर शेत गप्प असतं. ऊन चढलं की कापणीचं मशीन सुरू होतं आणि बारीक सोनेरी धूळ खिडकीच्या जाळीवर येऊन बसते. मी ती रोज पुसते. या धुळीला एक वास आहे. ओल्या काडीचा, उन्हाचा आणि थोडा दुधासारखा. तुमच्या आजोबांना तो वास घराच्या आत बसून यायचा आणि ते मला सांगायचे, "आज पलीकडच्या बांधीत विळा लागला." बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आणि विळा लागला म्हणजे कापणी सुरू झाली.

त्यांची राईस मिल होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोठी नव्हती. पण त्यांचं नाक मोठ्या मिलवाल्यांनाही लागायचं. कोणी पोतं उघडलं की ते मूठभर धान तळहातावर घ्यायचे, त्यावर तोंडाची गरम हवा सोडायचे आणि मग वास घ्यायचे. धान भिजून वाळलेलं आहे, की सरळ शेतातून आलं आहे, की गेल्या वर्षीचं मिसळलं आहे, हे त्यांना तेवढ्यावर कळायचं. चिन्नोर या आपल्याकडच्या वासाच्या तांदळाचा भात शिजत असला की ते ओसरीवरून विचारायचे, "पाणी थोडं जास्त पडलं ना?" आणि पडलेलं असायचं.

अशा माणसाला भातात सोया सॉस टाकलेला बघवत नसे. गोंदियात पहिल्यांदा चायनीज मिळायला लागलं, तेव्हा तुमच्या बाबांच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आम्ही गेलो होतो. लाल मंद दिवे होते, काचेच्या पेटीत दोन सुस्त मासे होते, आणि प्रत्येक टेबलावर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या हिरव्या मिरच्यांची वाटी होती. तुमच्या बाबांनी फ्राइड राइस मागवला. आजोबांनी त्यातला एक दाणा चिमटीत धरून दिव्यापुढे नेला. "कनकी आहे," ते म्हणाले. "तुटका तांदूळ अन् पत्ताकोबी टाकून लोकाईले फसवून राहिले." वेटर शेजारीच उभा होता. तुमच्या बाबांना टेबलाखाली जावंसं झालं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरी चायनीज म्हटलं की ही गोष्ट निघायची आणि सगळे हसायचे. तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं ते इथपर्यंतचं.

मग त्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांना ताप आला. ताप बरेच दिवस राहिला, आणि गेला तो त्यांची जीभ आणि नाक सोबत घेऊन गेला. आधी आम्हाला कळलं नाही. कौसाबाईने अंबाडीची भाजी केली होती, ती त्यांना फार प्रिय. त्यांनी घास घेतला आणि ते थांबले. पुन्हा एक घास घेतला. मग ताट हळूच पुढे सरकवून म्हणाले, "आज मीठ, आंबट, काहीच नाही का यात?" मी चाखून पाहिली. भाजी नेहमीसारखीच होती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना कळलं.

डॉक्टर म्हणाले, चव येईलही, नाहीही. पण खरी काळजी दुसरी होती. त्यांच्या हृदयाची झडप खराब झालेली होती आणि नागपूरला ऑपरेशन ठरत होतं. तापाने वजन एवढं उतरलं की नागपूरच्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "या अंगावर मी ऑपरेशन करणार नाही," ते म्हणाले. "आधी यांना जेवायला लावा. थंडी पडली की घेऊन या, मग बघू." परतीच्या गाडीत आजोबा डोळे मिटून बसले होते. मी खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, मैलोन्‌मैल. एवढा भात आजूबाजूला, आणि मला एका माणसाला जेवायला लावायचं होतं.

मी व्यवस्थित बाई आहे. जे करता येण्यासारखं होतं ते मी क्रमाने केलं. मऊ भात, पेज, कुळथाचं कढण, दुधातला शिरा, शेजारणीच्या सल्ल्याने आल्याचा रस. ते ताटापुढे बसायचे आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसे भाताकडे बघायचे. "माती खाऊन राहिलो असं वाटते," म्हणायचे. रागावून नव्हे. मिलमध्ये धानाचा ओलावा सांगायचे, त्याच आवाजात. दोन-चार घासांनंतर हात धुवायचे. बोटातली अंगठी सैल झाली, तिला मी दोरा गुंडाळला.

कापणीला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी हट्ट धरला की गावी जाऊन धान बघायचं. त्यांचं गाव आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे आहे. भाड्याच्या गाडीने गेलो. ते बांधावर खुर्ची टाकून बसले. एक लोंबी हातात चुरून त्यांनी नाकाशी नेली, तशीच बराच वेळ धरली, आणि मग दाणे खाली सोडून दिले. पुतण्याने विचारलं, "काकाजी, कसा आहे माल?" ते म्हणाले, "दिसाले चांगला आहे."

येताना गोरेगावचा बाजार भरला होता. एसटी आडवी अडकलेली, भोवती मोटरसायकली, कोणीच हलत नव्हतं. आमची गाडी नेमकी एका चायनीजच्या हातगाडीशेजारी थांबली होती. लाल रंगाची गाडी, तिच्यावर आग ओकणारा ड्रॅगन काढलेला. गाडीवाल्याने तापलेल्या कढईत लाल मिरचीची चटणी टाकली, वरून व्हिनेगर ओतलं, आणि धुराचा एक लोट उघड्या खिडकीतून सरळ आत आला. ड्रायव्हर खोकला. मी पदर नाकाला लावला. आजोबाही खोकले, डोळ्यांत पाणी आलं, मी घाईने काच वर करू लागले तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. नाकाले लागलं."

"काय लागलं?"

"मालूम नाही. पण लागलं. उतर खाली."

मी आयुष्यात कधी रस्त्यावर उभं राहून खाल्लेलं नव्हतं. त्या दिवशी बाजाराच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. गाडीवाल्याने विचारलं, "काकाजी, तिखट कमी करू का?" हे म्हणाले, "नाही. लोकाईले देतेस तसंच दे." ताटली आली. नूडल्स, पत्ताकोबी, गाजर, सगळं लालभडक. त्यांनी घास घेतला आणि चावू लागले, आणि मी त्यांच्या जबड्याकडे बघत राहिले. ते थांबत नव्हते. "वाजून राहिली," ते म्हणाले. पत्ताकोबी दातांखाली कचकन मोडत होती, तो आवाज त्यांना ऐकू येत होता. तिखटाने जीभ भाजत होती, ती भाजणं त्यांना कळत होतं. चव नव्हती, पण तोंडात काहीतरी घडत होतं.

मग त्यांनी काट्याने माझ्याकडे दाखवलं. "तू खा, अन् सांग. कसं आहे?"

मी खाल्लं. "आंबट आहे."

"आंबट म्हणजे कसं आंबट? चिंचेचं, का अंबाडीचं, का लिंबाचं?"

मी आयुष्यभर मुलींना कॉलेजात इंग्रजी शिकवलं. कवितेतल्या एका विशेषणावर अर्धा तास बोलू शकत असे. त्या स्टुलावर मला शब्द सापडेना. मी पुन्हा घास घेतला, डोळे मिटले. "लिंबासारखं सरळ नाही," मी म्हणाले. "अंबाडीसारखं दाट नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्याबरोबर नाकात जातं ना, तसं. जिभेच्या आधी नाकाला कळतं."

ते मान हलवून चावत राहिले. "आता बरोबर," म्हणाले. "अन् हे काळं काळं काय आहे?"

"सोया सॉस. खारट आहे, पण मागून गोड. वाळवलेल्या मोहफुलांचा वास येतो ना, काळपट गोड, तसा."

"मोहफूल," ते म्हणाले, आणि पुढचा घास त्यांनी सावकाश, आठवत आठवत खाल्ला. ताटली जवळजवळ संपली. बाजार पांगायला लागला होता. धुळीत सूर्य लाल झाला होता. मला त्या हातगाडीला नमस्कार करावासा वाटला, पण मी फक्त तोंड पुसलं.

त्यानंतर आमचा क्रमच ठरला. गोंदियात चायनीज जिथे जिथे मिळतं तिथे आम्ही संध्याकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आधी जायचो. पाठीला उशी लावून त्यांना कोपऱ्यात बसवायचं आणि समोर मी. हॉट अँड सोअर सूप, ज्यात मिरी घशापर्यंत जळत जाते. कोरडं मंचुरियन, ज्याचं कवच कुरकुरतं आणि आत कोबी मऊ असतो. अमेरिकन चॉप्सी नावाचा प्रकार, ज्यात तळलेल्या नूडल्सवर गोड लाल रस ओततात. तो रस झिरपून नूडल्स नरम पडायच्या आत खावा लागतो. बेबी कॉर्न, पनीर चिली, आणि कुठेतरी शेजवान डोसासुद्धा. हे खरं चीनमध्ये कोणी खात असेल असं मला वाटत नाही. एकदा मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, "इथं कोणाले चीनले जायचं आहे?"

वेटर पोरं आम्हाला ओळखायला लागली. "अंकल-आंटी आ गए," अशी हाक आत जायची. ती आम्हाला बघून गालात हसायची, कारण हे प्रत्येक घासाला मला विचारायचे आणि मी प्रत्येक घासाला उत्तर द्यायचे. कोणाला वाटलं असेल, म्हातारा आंधळा आहे. एका पोराने तर मला हळूच विचारलंही. मी म्हटलं, "नाही बेटा. चव मी बघते आणि जेवतात ते."

मला त्या संध्याकाळांमधून हळूहळू एक गोष्ट जाणवली. त्यांना चवीची तुलना नेमकी लागायची. मी नुसतं "छान आहे" म्हटलं की ते घास ठेवून द्यायचे. मी नीट सांगितलं, की याचा लसूण करपलेला आहे, दिवाळीत चिवड्याला करपतो तसा, तर ते खायचे. म्हणून मी लक्ष देऊन जेवू लागले. इतकी वर्षं मी जेवले होते ते घाईत, गार झालेलं, दुसऱ्या दिवसाच्या भाजीचा विचार करत. त्या हंगामात मला पहिल्यांदा कळलं की आल्याचा तिखटपणा आणि मिरचीचा तिखटपणा जिभेच्या वेगवेगळ्या जागी बसतो.

पण रोज बाहेरचं परवडणारं नव्हतं, पोटालाही नाही. मी कौसाबाईला म्हटलं, घरी करू. ती कपाळाला हात लावून उभी राहिली. "सेवया म्हणजे दूध-गुळातल्या, बाई. या तिखट सेवया कोणाच्या लगनातल्या?" तरी तिने पत्ताकोबी अशी बारीक चिरली की मी बघत राहिले. कढई धुरकटेपर्यंत तापवली. मी व्हिनेगर टाकलं, दोघी खोकलो, आतून आजोबांचा आवाज आला, "आलं! इथवर आलं!"

मी त्यांना वाढलं आणि नेहमीसारखी बाजूला उभी राहिले, हातात झारा घेऊन.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. या घरात मी नवी सून म्हणून आले तेव्हापासून घरधनी आधी जेवायचा आणि त्याला गरम वाढून झालं की घरातली बाई मागून जेवायची. माझ्या सासूबाई तशाच जेवल्या, स्वयंपाकघरात पाटावर, भिंतीकडे तोंड करून. मी कॉलेजात शिकवायला जात होते, मुलींशी पुष्कळ मोठमोठं बोलत होते, आणि घरी येऊन मागून जेवत होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. घराची रीत होती, तिच्यावर कधी बोलणंच झालं नाही. हॉटेलात समोरासमोर बसणं वेगळं. ते बाहेरचं.

त्या दिवशी त्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी उभी. ते थांबले.

"कसं झालं?"

"मी खाल्लं कुठे अजून? तुमचं झालं की मी खाते."

"मग मले मागून सांगशील? माझं खाऊन झाल्यावर?" ते चिडले होते. "काऊन उभी आहेस मास्तरीणबाई? बस ना."

"तुम्हाला वाढायचं..."

"भांडं इथं ठेव मधात. मले हात नाही का?"

मी बसले. खुर्चीच्या कडेवर बसले, पाहुण्यासारखी. भांडं मध्ये ठेवलं. घास घेतला, आणि पहिल्यांदा मला काही चवच कळेना. कौसाबाई दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की जणू आम्ही भांडतो आहोत. मग मी सांगितलं, "मीठ कमी आहे. पण कांदा गोड झाला आहे." ते जेवू लागले.

एवढंच घडलं. त्याला कोणी प्रसंग म्हणणार नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी माझ्या घरात नवऱ्यासमोर बसून, गरम गरम, त्यांच्याबरोबर पहिल्यांदा जेवले.

नवा तांदूळ आला. आपल्याकडे नवं खाण्याची रीत तुम्हाला माहीत नसेल. नव्या धानाचा पहिला भात देवाला दाखवतात, मग घरातला वडील माणूस पहिला घास घेतो, आणि तोवर घरात कोणी नव्या तांदळाला हात लावत नाही. दर वर्षी ते पहिला घास घेण्याआधी भाताचा वास घ्यायचे आणि मान हलवायचे. ती मान हलली की नवं झालं. त्या वर्षी तांदूळ येऊन पडला आणि ते रोज टाळत होते. "मले वासच नाही तर मी नवं कसा करू? बिनवासाचं नवं काय कामाचं?" घरात जुनाच तांदूळ शिजत होता. शेजारीपाजारी सगळ्यांचं नवं होऊन गेलं.

मला एक युक्ती सुचली. ते चायनीज खातात, तर नव्या तांदळाचाच फ्राइड राइस करावा. नवंही होईल आणि पोटातही जाईल. धानाच्या मुलखात इतकी वर्षं काढलेली, मिलवाल्याची बायको मी, आणि मला काय झालं होतं कोण जाणे. आज विचार केला की वाटतं, मला ते ऑपरेशनच दिसत होतं, तांदूळ दिसत नव्हता. मी नव्या तांदळाचा भात लावला, पत्ताकोबी परतली, भात कढईत टाकला आणि झारा फिरवला. तो झाऱ्यालाच चिकटला. आणखी फिरवला तर त्याचा गोळा झाला. सोया सॉस घातल्यावर तो चिखलाचा गोळा झाला. कौसाबाई बघत होती. तिला कळलं होतं, पण ती बोलली नाही, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तसंच ताट नेऊन ठेवलं. त्यांनी बघितलं. बोटाने गोळा दाबला. बोट चिकटलं.

"हा नवा तांदूळ आहे?"

"हो."

"नव्याचा फ्राइड राइस?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. तापानंतर पहिल्यांदा. हसता हसता दम लागला, छातीवर हात ठेवून हसत राहिले. "कौसा, ये इकडे! बघ मास्तरीणबाईने काय केलं! अख्ख्या गोंदियात कोणी केलं नसन. नवा तांदूळ कधी मोकळा होते का वो? त्याच्यात अजून शेताचं पाणी आहे."

"मग खाऊ नका," मी म्हणाले. मला राग आला होता.

"कायले नाही? नवं आहे ते." त्यांनी गोळ्याचे तीन भाग केले. एक माझ्या ताटात टाकला. एक कौसाबाईपुढे धरला.

"मले नका देऊ मालक," कौसाबाई मागे सरली. "आधी तुमी घ्या. वडील माणसाचं असते नवं."

"वडील माणसाले चव येत नाही. यावर्षी सगळे संगंच घेऊ, अन् मले सांगा कसं आहे."

"मी खाली बसते," कौसाबाई म्हणाली.

"खाली बस नाहीतर पलंगावर बस. पण संगंच खा."

आम्ही तिघांनी एकाच वेळी तो काळा चिकट घास तोंडात घातला. कौसाबाई डोळे मिटून म्हणाली, "आतून दुधाचा आहे मालक. वरून काय टाकलं ते टाकलं. आतून आपलाच आहे." त्यांनी मान हलवली. तशीच, दर वर्षीसारखी. नवं झालं.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत कोठीत गेले. खूप दिवसांनी. गेल्या वर्षीच्या पोत्यांतून त्यांनी एकेक तांदूळ दातांखाली फोडून पाहिला, वास नसला तरी दात सांगत होते. एक पोतं निवडलं. "हा," म्हणाले. "जुना, कडक, लांब दाण्याचा. सकाळी शिजवून सुपात पसर अन् पंख्याखाली ठेव." त्या भाताचा एकेक दाणा कढईत वेगळा उडत होता. ते चाखू शकत नव्हते, पण दाणा दाताखाली कसा येतो यावर मला आणि कौसाबाईला रोज शेरे मिळायला लागले. मिलवाला परत कामावर आला होता. वजनाच्या काट्यावर उभं राहिलं की ते स्वतःच आकडा वाचायचे.

थंडी पडायच्या सुमाराला आम्ही केशोरीला गेलो, त्यांच्या धाकट्या बहिणीकडे. परतताना गोठणगावजवळच्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीपाशी थांबलो. प्रार्थनेचे रंगीत झेंडे उन्हात फडफडत होते आणि घरं कुलूपबंद होती. थंडीत त्यांची तरुण माणसं शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. मागे म्हातारी माणसं उरतात. एका घरापुढे एक आजीबाई विणत बसल्या होत्या. तिथे जेवण मिळतं असं कोणी सांगितलं होतं. त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि वाडग्यांतून थुक्पा आणला. पातळ रस्सा, त्यात हाताने लाटून कापलेल्या पट्ट्या, पालक, मुळा. तिखट नव्हता, आंबट नव्हता. मला भीती वाटली, यात यांना काय लागणार? पण वाफ तोंडावर घेत ते सावकाश पीत होते.

"माताजी, आपका चायनीज बहुत बढिया है," ते म्हणाले.

त्या बाईंचे हात थांबले. "चायनीज नहीं है, बाबूजी," त्या म्हणाल्या. "ये हमारा है."

बाहेर झेंड्यांचा आवाज तेवढा येत होता. ह्यांनी वाडगा खाली ठेवला. "गलती हो गई, माताजी."

मग त्यांनीच विचारलं, तुमचं शेत आहे का. हे म्हणाले, धान. त्याही म्हणाल्या, हमारा भी धान. मग दोघं धानावर बोलत राहिले, पाण्यावर, किडीवर. बोलता बोलता ह्यांनी सांगितलं की आमचे पवार लोकसुद्धा मालव्यातून आले म्हणतात, कधीतरी, पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी. बाईंनी विचारलं, "वापस गए कोई?"

"नहीं. धान में लग गए."

बाईंनी मान हलवली, फार हळू. मग म्हणाल्या, "थुक्पा कैसा लगा?"

"मेरे मुँह को कुछ पता नहीं चलता, माताजी. ये बताती है." त्यांनी माझ्याकडे हात केला. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या रश्श्याची चव सांगायची होती म्हणून मी आणखी एक घोट घेतला. मग मी म्हणाले, "आजारातून उठल्यावर आईने दिलेलं पहिलं पाणी असावं, तसं आहे." हे मी मराठीत म्हणाले. बाईंना ते कितपत कळलं माहीत नाही. त्यांनी आमचे वाडगे पुन्हा भरले.

त्या थंडीत नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन बघून विचारलं, काय खाऊ घातलंत? मी सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं, पण कागदावर सही केली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुमचे आजोबा मला म्हणाले, "काही झालं तर मागून जेवू नको हो." मी म्हटलं, भलतंच बोलू नका. ते म्हणाले, "भलतं काय आहे त्याच्यात?"

ते बरे झाले. आणखी दोन हंगाम होते. चव परत आली नाही. कधी कधी सकाळी अंगणात उभे राहून ते खोल श्वास घ्यायचे आणि माझ्याकडे बघायचे, आणि मी सांगायचे, "पलीकडच्या बांधीत विळा लागला आहे." मग एका उन्हाळ्यात ते झोपेत गेले. तुम्ही तेव्हा लहान होतात, तुम्हाला आणता आलं नाही.

ते गेल्यावर काही दिवस मी पुन्हा स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच जेवत होते. कोणाला वाढायचं नव्हतं, तरी. चव कोणाला सांगायची हेही कळत नव्हतं. एके दिवशी कौसाबाईने जुन्या तांदळाचा फ्राइड राइस केला, भांडं नेऊन टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि माझी खुर्ची ओढली. स्वतः समोरच्या खुर्चीवर बसली. इतकी वर्षं ती खुर्चीवर बसलेली मी पाहिली नव्हती. म्हणाली, "बसा बाई. अन् सांगा कसा झाला."

तुम्ही याल तेव्हा तुम्हाला दिसेल. गोंदियातली ती लाल दिव्यांची जागा आता मोबाइलचं दुकान झाली आहे. मिल विकली. मला आता सोया सॉस सोसत नाही, डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे. पण भांडं टेबलावर मध्ये असतं आणि ज्याला जेवढं हवं तेवढं तो घेतो. पाहुणे असोत, कामाची माणसं असोत, सगळे एका वेळी बसतात. आपल्या घरात आता कोणी कोणाच्या मागून जेवत नाही.

तुमची,
आजी